आयटीआयएल ४ फाउंडेशन : सर्व्हिस डिलिव्हरी मॅनेजर होऊ पाहणाऱ्यांनी हे प्रमाणपत्र घ्यावे का?

पुण्यात हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्टा, नवी मुंबईत ऐरोली, अशा ठिकाणच्या आयटी कंपन्यांत सपोर्टच्या कामात चार-सहा वर्षे काढलेल्या माणसापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक, आपल्या तांत्रिक विषयात आणखी खोल जाण्याची. आणि दुसरी, माणसे, तिकिटे (म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी वा मागण्यांच्या नोंदी), करार आणि क्लायंट यांचा मेळ घालणाऱ्या सर्व्हिस डिलिव्हरी मॅनेजरच्या पदाकडे जाणारी. दुसरी वाट धरणाऱ्यांना नोकरीच्या जाहिरातींत जी अट हमखास भेटते ती आयटी सेवा चालवण्याच्या पद्धती शिकवणाऱ्या आयटीआयएलच्या प्रमाणपत्राची, आणि त्यातही पहिल्या पायरीची, म्हणजे आयटीआयएल ४ फाउंडेशनची. ही परीक्षा मी दिलेली आहे, अशा टीम सांभाळण्याचे कामही करते, आणि अप्रेझलचे दिवस जवळ आले की टीममधील तरुण सहकारी हाच प्रश्न घेऊन येतात, की या परीक्षेवर पैसे आणि वेळ खर्च करावा की नाही. म्हणून विकत घ्यायच्या वस्तूचे करावे तसे या प्रमाणपत्राचे परीक्षण येथे करीत आहे. माझे मत आधीच सांगते: योग्य वेळी घेतले तर ते घेण्यासारखे आहे, पण ज्या नोकरीसाठी ते घेतले जाते तिच्यातील सर्वांत अवघड भाग त्यात शिकवला जात नाही.

आयटीआयएल, म्हणजे इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी, ही मुळात एक ग्रंथमाला. ब्रिटिश सरकारची निरनिराळी खाती आपली संगणक-यंत्रणा आपापल्या पद्धतीने चालवत होती, तेव्हा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सेंट्रल कम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी या सरकारी संस्थेने चांगल्या कार्यपद्धती एकत्र लिहून काढण्याचे काम हाती घेतले, आणि त्यातून ही माला उभी राहिली. पुढे २००७ मध्ये तिसरी आवृत्ती पाच खंडांत आली, २०११ मध्ये तिची सुधारणा झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये चौथी आवृत्ती बाजारात आली. दरम्यान मालकीही बदलत गेली. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारचे कॅबिनेट ऑफिस आणि कॅपिटा ही कंपनी यांनी मिळून ॲक्सेलॉस ही संस्था काढली व माला तिच्याकडे सोपवली. २०२१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या पीपलसर्ट या कंपनीने ॲक्सेलॉसच विकत घेतली. करदात्यांच्या पैशातून सुरू झालेले लेखन अशा रीतीने पूर्णपणे खाजगी मालमत्ता झाले, आणि त्याचा परिणाम उमेदवाराच्या खिशावर दिसतो: पूर्वी हे प्रमाणपत्र एकदा मिळाले की आयुष्यभरासाठी असे, २०२३ पासून मात्र ते तीन वर्षांनी नूतनीकरण मागते.

परीक्षेचे स्वरूप साधे आहे. ४० बहुपर्यायी प्रश्न, ६० मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी २६ बरोबर उत्तरे. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि पुस्तक उघडण्याची परवानगी नसते. परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल तर १५ मिनिटे जादा मिळू शकतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना ही सवलत ठाऊक नसते, म्हणून नोंदणी करतानाच तिची चौकशी करून घ्यावी. परीक्षा घरून देता येते, मात्र कॅमेऱ्यासमोर खोली दाखवावी लागते, टेबल मोकळे ठेवावे लागते आणि ओळखपत्रावरील नाव नोंदणीतील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. वडिलांचे नाव आणि आडनाव यांच्या क्रमाचा आपल्याकडे जो गोंधळ असतो तो येथे आधीच निस्तरलेला बरा. वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा देणे अधिक शहाणपणाचे. अभ्यासक्रमात सात मार्गदर्शक तत्त्वे, सेवेची चार अंगे, सेवा घडवण्याच्या साखळीतील सहा क्रिया आणि ३४ कार्यपद्धती यांची ओळख आहे. यांपैकी १५ कार्यपद्धतींचा हेतू तेवढा विचारला जातो, आणि सातांचाच तपशील अपेक्षित असतो. नोकरी करणाऱ्या माणसाला रोज तासभर दिला तर तीन आठवड्यांत तयारी होते, आणि ज्याने सर्व्हिस डेस्कवर, म्हणजे वापरकर्त्यांच्या तक्रारी घेणाऱ्या कक्षात, प्रत्यक्ष काम केले आहे त्याला त्याहूनही कमी वेळ पुरतो.

या अभ्यासक्रमातून खरोखर हाती लागणारी गोष्ट म्हणजे इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम यांतील भेद. बिघाड झाला की सेवा शक्य तितक्या लवकर पूर्ववत करणे हे इन्सिडेंट हाताळणाऱ्याचे काम. तो बिघाड मुळात का होतो हे शोधून काढणे हे प्रॉब्लेम हाताळणाऱ्याचे काम. आणि ही दोन कामे एकाच माणसाने एकाच वेळी एकाच घाईत करू नयेत. ऐकायला हे बाळबोध वाटेल. परंतु महिनाअखेरीस पगाराचा बॅच जॉब (एकगठ्ठा चालणारे संगणकीय काम) डिस्क भरल्यामुळे अडकतो, रात्रपाळीचा मुलगा जुन्या फाइली पुसून तो पुन्हा चालू करतो, तिकीट वेळेत बंद होते, अहवालात हिरवा रंग दिसतो, आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीस हेच सारे पुन्हा घडते, असे वर्षातून बारा वेळा चालत असलेल्या टीम मी पाहिल्या आहेत. तेथे प्रत्येक तिकीट नियमाप्रमाणे सोडवलेले असते, आणि तरीही क्लायंट बारा वेळा चिडलेला असतो. हा भेद ज्याच्या मनात पक्का बसला आहे तो टीम लीड तिसऱ्याच महिन्यात स्वतंत्र प्रॉब्लेम रेकॉर्ड उघडतो, त्याला मालक नेमून देतो, तात्पुरता उपाय लिहून ठेवतो आणि कायमच्या दुरुस्तीसाठी पुढच्या बदलाच्या यादीत जागा मागतो. या एका सवयीसाठी सुद्धा फाउंडेशनचा अभ्यास वाया गेला असे मी म्हणणार नाही.

सात तत्त्वांपैकी बरीचशी कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात सापडतील अशी आहेत, पण जेथे आहात तेथूनच सुरुवात करा, हे तत्त्व नव्या मॅनेजरने गांभीर्याने घ्यावे. पद मिळाल्यावर पहिल्या महिन्यात तिकीट-प्रणाली बदलण्याची, नवे फॉर्म आणण्याची आणि आधीच्या मॅनेजरची प्रत्येक पद्धत मोडीत काढण्याची ऊर्मी जवळजवळ प्रत्येकाला येते, आणि तिच्यामुळे टीमचे सहा महिने नुसते नव्या प्रणालीवर स्थलांतर करण्यात जातात. बाकीची तत्त्वे परीक्षेपुरती पाठ करावीत.

संगणक-प्रणालीत करायच्या बदलांच्या व्यवस्थापनाचा भाग चांगला लिहिलेला आहे, तथापि तो अपुरा आहे. चौथ्या आवृत्तीने पूर्वीच्या चेंज मॅनेजमेंटची जागा चेंज एनेबलमेंटला, म्हणजे बदल सुरळीत घडवून आणण्याला, दिली, आणि प्रत्येक बदल मोठ्या समितीपुढे नेण्याऐवजी नेहमीचे (आधीच मंजूर असलेले), सामान्य व तातडीचे असे तीन प्रकार करून प्रत्येकाला योग्य तो मंजुरी देणारा नेमावा, अशी भूमिका घेतली. हे योग्यच आहे. परंतु या साऱ्या मांडणीत गृहीत असे आहे की बदल आपल्या टेबलावरून जातो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ते अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटले आणि ७८ मिनिटांत मागे घेतले गेले, पण तोवर बंद पडलेल्या अनेक यंत्रांपाशी माणूस पाठवून ती सेफ मोडमध्ये चालू करून फाइल पुसावी लागली. त्या दिवशी ज्या कंपन्या अडकल्या त्यांच्या बदल-समित्यांपुढे हा बदल आलेलाच नव्हता, कारण त्या प्रकारचे अपडेट पुरवठादाराकडून थेट येत असे आणि ग्राहकाला ते टप्प्याटप्प्याने घेण्याची सोय नव्हती. आपल्या सेवेत कोणकोणते बदल आपल्याला न विचारता होऊ शकतात, याची यादी करणे हे डिलिव्हरी मॅनेजरचे काम आहे, आणि फाउंडेशनच्या पुस्तकात त्यासाठी एकही सराव-प्रश्न नाही.

पुरवठादारांचा विषय सेवेच्या चार अंगांपैकी एक म्हणून येतो आणि थोड्या पानांत उरकला जातो. माझ्या मते ही या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी उणीव आहे, कारण आपल्याकडील बहुतेक डिलिव्हरी मॅनेजर स्वतःच दुसऱ्या कोणाचे तरी पुरवठादार असतात आणि शिवाय त्यांच्या हाताखाली आणखी पुरवठादार असतात. ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे उदाहरण या संदर्भात प्रत्येक इच्छुकाने वाचावे असे आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर हलवली. माहिती बरोबर हलली, पण नवी प्रणाली भार पेलू शकली नाही, आणि १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. व्यवहार पूर्णपणे सुरळीत होण्यास डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला, आणि २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. त्याच्यावर ठपका असा, की प्रणाली उभारणारी कंपनी खरोखर सज्ज आहे की नाही याची पुरेशी खातरजमा त्याने करून घेतली नाही. ती कंपनी बँकेच्याच उद्योगसमूहातील होती, आणि घरचाच माणूस म्हणून ढिलाई होण्याची शक्यता तेथे सर्वांत जास्त असते. पुरवठादाराने पाठवलेल्या "आम्ही तयार आहोत" अशा पत्रामागे कोणत्या चाचण्या, किती भाराने, कोणत्या यंत्रांवर झाल्या हे विचारणे, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर ठरलेली तारीख पुढे ढकलण्याची शिफारस वरिष्ठांसमोर उभे राहून करणे, हे या पदाचे खरे काम आहे. बहुपर्यायी प्रश्नात ते बसणे कठीण आहे हे मान्य. पण मग जाहिरातीत या प्रमाणपत्राला पदाची पात्रता म्हणून मिरवू नये.

सेवा-पातळीचा करार, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसएलए, हा विषय महाराष्ट्रातील वाचकाला तसा परका नाही. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिली, पदनिर्देशित अधिकारी नेमला, आणि मुदत चुकल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील व शेवटी आयोग अशी चढती वाट दिली. एसएलए आणि एस्कलेशन (तक्रार वरच्या पातळीवर नेणे) यांची मांडणी तीच आहे. आयटीआयएल हा विषय तपशिलाने शिकवते, आणि बाहेरून हिरवे पण आतून लाल असे कलिंगडासारखे अहवाल कसे फसवतात याचा इशाराही देते. मात्र आकडेमोड शिकवत नाही. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. ९९.५ टक्के उपलब्धतेचे वचन दिले तर महिन्याला ३ तास ३६ मिनिटे सेवा बंद राहिलेली चालते, ९९.९ टक्क्यांना ४३ मिनिटे, आणि ९९.९९ टक्क्यांना जेमतेम सव्वाचार मिनिटे, म्हणजे ऑन-कॉल माणूस झोपेतून उठून लॅपटॉप उघडेपर्यंत महिन्याची मुभा संपलेली असते. सेवा जर एकामागून एक अशा तीन घटकांवर अवलंबून असेल आणि प्रत्येकाचे वचन ९९.९ टक्के असेल, तर एकत्र वचन ९९.७ टक्क्यांचे होते आणि ४३ मिनिटांची जवळजवळ १२९ मिनिटे होतात. विक्री विभागाने क्लायंटला ९९.९ टक्के लिहून दिलेले असते, आणि ही तिप्पट तफावत पहिल्या मोठ्या बिघाडानंतरच्या बैठकीत डिलिव्हरी मॅनेजरच्या समोर येते.

तिकिटाच्या घड्याळाचेही तसेच आहे. चार तासांत निवारण, असे करारात असते. पण ते चार तास कामकाजाचे की घड्याळाचे, क्लायंटच्या उत्तराची वाट पाहताना घड्याळ थांबते की चालू राहते, आणि ९५ टक्के तिकिटांना ही मुदत असेल तर उरलेल्या पाचांचे काय, हे प्रश्न जो करारावर सही होण्याआधी विचारत नाही त्याला ते नंतर दर महिन्याला विचारले जातात. मुदत एकदा उलटून गेलेल्या तिकिटाला कोणी हात लावत नाही, कारण त्याने अहवालातील टक्केवारी आता सुधारणार नसते. आणि क्लायंटच्या संचालकाला नेमके तेच तिकीट आठवत असते. माझ्या टीममध्ये मासिक आढाव्याचे पहिले पान टक्केवारीचे न ठेवता सर्वांत जुन्या दहा उघड्या तिकिटांचे ठेवते. बैठक सुरुवातीला कडू होते, पण लवकर संपते.

मनुष्यबळाची आकडेमोड तर अभ्यासक्रमात नावालाही नाही. चोवीस तास भरलेली एक खुर्ची म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एक माणूस प्रत्यक्षात आठवड्याला ४० तास कामावर असतो असे धरले तर ४.२ माणसे लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण व शिफ्ट बदलतानाचा अर्धा तास जमेस धरला तर पाच, किंबहुना सहा. चार माणसांत चोवीस तास चालवू, असे म्हणणारा प्रस्ताव पाहिला की पुढच्या वर्षी ती टीम राजीनाम्यांनी रिकामी होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्यातच लंडनचा क्लायंट असेल तर हिवाळ्यात त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यात दीड. मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांची घड्याळे बदलली की कॅबची वेळ, जेवणाची वेळ आणि शिफ्ट भत्त्याची मर्यादा सगळेच सरकते. त्यांच्या नाताळात बदलांवर बंदी असते, म्हणून डिसेंबरच्या मध्यापर्यंत सगळे बदल उरकण्याची झुंबड उडते. आणि आपल्या गणपतीत वा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांचा नेहमीचा कामाचा दिवस असतो. गेल्या वर्षी कोणी दिवाळीत काम केले आणि यंदा कोणाची पाळी, याची लेखी नोंद ठेवणारा मॅनेजर आणि ती न ठेवणारा मॅनेजर यांच्या टीममधील गळतीत जो फरक पडतो, तो कोणत्याही कार्यपद्धतीने पडत नाही.

या प्रमाणपत्राला पर्याय कोणते, असे विचारणाऱ्यांनी आधी आपल्याला कोणती नोकरी हवी आहे हे ठरवावे, कारण डिलिव्हरी मॅनेजर या एकाच नावाखाली दोन निराळी कामे येतात. ब्रिटिश सरकारने २०११ मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस स्थापन केली, आणि तिच्याभोवती जी कामाची संस्कृती तयार झाली तीत डिलिव्हरी मॅनेजर म्हणजे डिझायनर, संशोधक, डेव्हलपर अशा मिश्र टीमच्या वाटेतील अडथळे दूर करणारा, तिची गती टिकवणारा आणि तांत्रिक व अतांत्रिक मंडळींमध्ये दुभाष्याचे काम करणारा माणूस. तेथे सहायक डिलिव्हरी मॅनेजर, डिलिव्हरी मॅनेजर, वरिष्ठ डिलिव्हरी मॅनेजर आणि विभागप्रमुख अशा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर कोणते कौशल्य किती अपेक्षित आहे हे सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. एखादी सेवा शोध, अल्फा (पहिले प्रयोग), बीटा (वापरकर्त्यांसह चाचणी) आणि लाइव्ह (प्रत्यक्ष वापर) अशा टप्प्यांतून कशी न्यावी याची पुस्तिका आणि २०१९ मध्ये १४ मुद्द्यांत आणलेले सेवा-मानक हेही खुले आहे. स्पष्टच सांगायचे तर निव्वळ लेखन म्हणून हे साहित्य आयटीआयएलच्या पुस्तकापेक्षा कितीतरी सरस आहे: वाक्ये लहान, उदाहरणे खरी, आणि आपल्याला काय करायचे आहे हे वाचून कळते. परंतु आपल्या सेवा-कंपनीतील सर्व्हिस डिलिव्हरी मॅनेजरच्या हातात तयार, चालू सेवा, तिचा करार, दंडाची कलमे आणि बिलिंग असते. त्याबद्दल या साहित्यात फारसे काही नाही. ज्यांना एखाद्या उत्पादनाच्या कंपनीत किंवा डिजिटल सेवा नव्याने उभारणाऱ्या टीममध्ये जायचे आहे, त्यांनी आयटीआयएलवर पैसे न घालता हे साहित्य आणि जोडीला फुकट मिळणारी तेरा पानांची २०२०ची स्क्रम गाइड (टीमने छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या स्क्रम या पद्धतीची पुस्तिका) वाचावी, आणि मग स्क्रमच्या परीक्षेचा विचार करावा. त्यातील पीएसएम-१ (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) ही परीक्षा ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यास ८५ टक्के, अशी असल्यामुळे फाउंडेशनहून नक्कीच कठीण आहे, आणि तिचे प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. पीएमपी या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचा मार्ग पदवीधरांना ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव असल्याखेरीज खुला होत नाही, त्यामुळे सपोर्टमधून येणाऱ्यासाठी तो पहिला मार्ग नव्हे.

क्लासविषयी थोडक्यात. फाउंडेशनसाठी अधिकृत प्रशिक्षण सक्तीचे नाही. स्वतः अभ्यास करून परीक्षा देता येते आणि परीक्षेच्या शुल्काबरोबर अधिकृत ई-पुस्तकही मिळते. तरीही शनिवार-रविवारचे दोन दिवसांचे वर्ग भरभरून चालतात. मी ज्या एका वर्गाला बसले तेथे प्रशिक्षक स्लाइड वाचून दाखवत होते, आणि मधल्या सुटीत पाठ करण्यासाठी जुन्या प्रश्नांचे गठ्ठे फिरत होते. चांगला प्रशिक्षक ओळखण्याची माझी कसोटी एकच आहे: नोंदणीपूर्वी फोन करून विचारावे, की त्यांनी स्वतः मोठ्या बिघाडाचा कॉल किती वेळा चालवला आहे, आणि त्या वेळी तांत्रिक चर्चेचा कॉल व वरिष्ठांना माहिती देण्याचा कॉल वेगळा ठेवला होता का. उत्तर अडखळले तर पैसे वाचवावेत. उत्तीर्ण होण्याची हमी देणाऱ्यांपासून, आणि तुमच्याऐवजी दुसरे कोणी परीक्षा देईल असे सुचवणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. परीक्षेसोबत फेरपरीक्षेची सोय जादा पैसे घेऊन विकली जाते; ज्याचे सराव-परीक्षेत सातत्याने ३२च्या वर गुण येतात त्याला तिची गरज नाही.

पाचांपैकी मी या प्रमाणपत्राला तीन गुण देते. सर्व्हिस डेस्क, अॅप्लिकेशन सपोर्ट किंवा इन्फ्रा ऑपरेशन्समध्ये तीनेक वर्षे काम केलेल्या आणि टीम लीडच्या पहिल्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या माणसाने ते जरूर घ्यावे, कारण एचआरच्या पहिल्या चाळणीत त्याचा अर्ज टिकेल आणि मुलाखतीत समोरच्याची भाषा त्याला कळेल. नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी ते स्वतःच्या खिशातून घेऊ नये. ज्याने एकही तिकीट हाताळलेले नाही त्याच्या अर्जावर हे नाव शोभत नाही, आणि बऱ्याच कंपन्या नंतर त्याचा खर्च परत देतात. जे आधीच डिलिव्हरी मॅनेजर आहेत त्यांनी हा पैसा आणि ते तीन आठवडे आपल्या सध्याच्या कराराची दंडाची कलमे वाचण्यात आणि कंपनीच्या वित्त विभागातील कोणाकडून बिलिंगचा हिशेब समजून घेण्यात घालवावेत.

तीन वर्षांनी नूतनीकरणाचा ईमेल येईल तेव्हा त्याचे शुल्क लगेच भरून टाकू नये. एकदा मॅनेजरचे पद मिळाल्यावर मुलाखतीत प्रमाणपत्राची मुदत विचारणारे मला फारसे भेटलेले नाहीत. विचारतात ते टीमचा आकार, सेवेची व्याप्ती, आणि शेवटचा मोठा बिघाड कसा हाताळला ते. अपवाद सरकारी निविदा आणि काही बँकांचे करार यांचा, कारण त्यांत प्रमुख मनुष्यबळाकडे वैध प्रमाणपत्र असल्याची अट घातलेली असू शकते. आपले नाव अशा निविदेत जाणार असेल तर नूतनीकरणाचा खर्च कंपनीकडूनच घ्यावा, आणि तसे आधी लेखी मागून ठेवावे.